ट्रकतर्फे कोण बोलतंय?

वर्डी स्टँपरने एका ट्रकवर फिर्याद ठोकली आणि त्याच ट्रकला साक्षीला बोलावलं, अशी बातमी त्या उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यात फिरत होती. पेट्रोलपंपावर सकाळची कॉफी ढोसणाऱ्या मंडळींनी तिला शेपूटही लावलं. ट्रकने म्हणे हॉर्न वाजवून साक्ष दिली आणि जजसाहेबांनी ती मान्य केली. हॉर्न कोणी जोडला ते विचारू नका. पंपावर मीही होतो.

खरं एवढंच की ट्रकवर फिर्याद वर्डीने नाही, सरकारने केली होती, आणि तीही काही वर्षांपूर्वी. वर्डीचं ट्रकशी कसलंच भांडण नव्हतं. तिला त्या खटल्याची नक्कल हवी होती. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण आणि एक ओढा एवढंच आहे, आणि कोर्टात जायला तिला माझीच गाडी लागत होती. तिचा ट्रक सरकारजमा झालेला. तोच हा ट्रक.

वर्डी म्हणजे उंच, हाडकुळी बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला. आमच्या स्ट्रोड काउंटीतल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव खाल्लाय आणि तिच्या तोंडचं ऐकूनही घेतलंय. तिच्या पंथात टीव्ही घरात आणत नाहीत, फोटो काढून घेणंही फारसं चालत नाही. पण माणसाला करमणूक तर लागतेच. वर्डीची करमणूक म्हणजे सोमवारचं कोर्ट. सोमवारी काउंटीतली सगळी किरकोळ प्रकरणं एकदम पुकारली जातात. दारू पिऊन गाडी चालवणं, भाडं थकवणं, शेजाऱ्याचा कुत्रा, बायकोचा भाऊ. बाकं रिकामी असतात, आत जायला कोणी अडवत नाही. वर्डी दुसऱ्या रांगेत बसायची, मांडीवर डबा, डब्यात सफरचंदाच्या करंज्या. जजसाहेब आत आले की सगळ्यांच्या आधी ही उभी.

मी चिडवायचो, "मावशी, चर्चमध्ये देवासाठी उभी राहतेस त्यापेक्षा पटकन इथे उठतेस."

"देव माझ्यावर दंड बसवत नाही, डेल्मर," ती म्हणायची. "आणि तुझी तारीख कधी आहे?"

माझी तारीख बहुधा असायचीच. तो विषय नको.

तिचा मुलगा टॉली. टॉलिव्हर स्टँपर. नवरा गेल्यावर घरात ही दोघंच. टॉली तेव्हा चोवीस वर्षांचा, बापासारखाच लांबोडका, बोलायला मात्र मऊ. डोक्यावर दोन भोवरे. दोन भोवऱ्यांचा माणूस दोन राज्यांत भाकरी खातो, असं आमच्याकडे म्हणतात. टॉलीने आमच्या राज्यातसुद्धा पुरती खाल्ली नाही.

ऑगस्टमध्ये त्याला पकडलं, ते सँग खोदल्याबद्दल. सँग म्हणजे जिनसेंगची मुळी. डोंगरातली सगळ्यात महाग वस्तू, आणि ती सप्टेंबरच्या आधी खोदणं हा गुन्हा. सप्टेंबरपर्यंत थांबावं तर दुसराच कोणी खोदून नेतो, त्यामुळे आमच्याकडे थांबतं कोण? टॉलीच्या ट्रकमध्ये अर्धं पोतं सापडलं. वनखात्याच्या माणसाने पोराला नोटीस दिली आणि ट्रक जप्त केला.

आता इथला कायदा असा की पोराचा खटला वेगळा आणि ट्रकचा वेगळा. पोराच्या खटल्यात आरोपी पोरगं. ट्रकच्या खटल्यात आरोपी चक्क ट्रक. कागदावर तसंच लिहितात, 'सरकार विरुद्ध एक हिरवा फोर्ड ट्रक'. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी दोन्ही प्रकरणं एकाच वेळी निघाली. बेलिफने दारात उभं राहून ट्रकचा पुकारा केला तेव्हा बाहेरच्या जिन्यावर सिगारेट ओढणारी माणसंसुद्धा आत आली. असा आरोपी रोज बघायला मिळत नाही.

पुढे वनखात्याचा माणूस दोन तारखांना आलाच नाही, म्हणून पोराचा खटला निकालात निघाला. ट्रक मात्र त्या पहिल्याच सोमवारी गेला. का, तर त्याचा कागद अजून टॉलीच्या मेलेल्या बापाच्या नावावर होता. आमच्या खोऱ्यात निम्म्या गाड्या, तीन चतुर्थांश जमिनी आणि एक-दोन बायकासुद्धा मेलेल्यांच्याच नावावर आहेत. खाली क्लार्कच्या खिडकीत जाऊन नाव बदलून आणायला कोणाला वेळ? मालक हजर नाही म्हणून जजसाहेबांनी ट्रक सरकारजमा केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. पंपावर आम्ही आठवडाभर हसलो.

हसणं तिथे संपलं. पुढची तीन-चार वर्षं टॉलीला काम मिळेना. जिथे जाईल तिथे मालक कॉम्प्युटरवर नाव टाकायचे आणि खटला वर यायचा. सुटला असला तरी खटला दिसतोच. 'निकाली' हा शब्द वाचायला कोण थांबतो? मग वर्डीने कंबर कसली. चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा फुकट सल्ला देणारी वकीलबाई यायची. तिने सांगितलं की सुटलेल्या माणसाला अर्ज करून नोंद पुसून घेता येते. जजसाहेबांनी सही केली की कागद जातात, कॉम्प्युटरातलं नाव जातं, आणि कोणीही विचारलं तरी कोर्टाने 'अशी नोंद नाही' असंच म्हणायचं, असा कायदाच आहे.

"आणि ट्रकच्या खटल्याचं काय करायचं?" वकीलबाईने विचारलं. "तेही पुसून मागायचं का?"

"कशाला?" वर्डी म्हणाली. "ट्रकला कुठे नोकरी करायचीय?"

वकीलबाई हसली आणि तिने तो रकाना तसाच सोडला.

वर्डीने त्या अर्जासाठी कोर्टाच्या इतक्या खेपा घातल्या की तिच्या करंज्यांवर तिथला बेलिफ अंगाने सुटला. नोंद पुसल्याचा हुकूम आला तो दिवस तिने सणासारखा केला. माझ्याकडेही ताट आलं. महिना झाला नाही तोच विजेच्या तारांखालची झाडं तोडणाऱ्या एका कंपनीत टॉलीला काम लागलं. कंपनीने कॉम्प्युटरवर नाव टाकलं, पडदा कोरा निघाला, लगेच शिरस्त्राण आणि दोर हातात.

तो पहिल्याच हिवाळ्यात गेला. वाऱ्याने वाकलेलं पॉपलरचं झाड होतं. कापताना असं झाड कधीकधी उभं चिरतं आणि बुंधा मागे उसळतो. छातीवर आला. शर्टाच्या खिशात फोन होता, त्याचाही चुरा झाला. शवपेटी बंदच ठेवली होती. डोंगरावर पुरायला नेताना जमीन इतकी गोठलेली की कुदळीतून ठिणग्या उडत होत्या. वर्डी रडली नाही. घरी परतल्यावर आलेल्या लोकांना तिने जेवायला वाढलं. कोणाला मीठ हवंय का, ते विचारत फिरली.

मे महिन्यात आम्ही सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं घालायला डोंगरावर जातो. त्याच्या आदल्या दिवशी वर्डी कुंपणापाशी आली.

"डेल्मर, त्याचा आवाज जायला लागलाय."

"कुठे?"

"माझ्या कानातून. चेहरा आहे. चालणं आहे. काल सकाळी 'आई' म्हणून हाक कशी मारायचा ते आठवायला गेले तर नवऱ्याचाच आवाज आला."

घरात त्याचं एकही बोलणं साठवलेलं नव्हतं. टॉलीने फोन काढला की तीच ओरडायची, "ठेव तो खेळ."

"पण कोर्टात आहे," ती म्हणाली.

आमच्या कोर्टांत बोललेलं लिहून घेणारा माणूस बसत नाही. भिंतीवर कॅमेरा असतो. जे चित्र आणि जो आवाज त्यात भरतो तेच कोर्टाचं दप्तर. हे वर्डीला कोणी सांगायची गरज नव्हती, इतके सोमवार ती त्या कॅमेऱ्याखाली बसलेली. आणि कोर्टाबाहेरच्या फळ्यावर लावलेला कागदही तिने वाचला होता: टॉलीच्या खटल्याच्या वर्षातल्या सोमवारच्या चित्रफिती पाच वर्षं झाली म्हणून जूनअखेर पुसणार. म्हणजे हातात होता तो फक्त जून.

फुलं घालून आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी तिला घेऊन निघालो. कोर्टाच्या इमारतीत शिरलो आणि समोर 'काउंटी क्लार्क' अशी पाटी दिसली, तिथल्या रांगेत मी झोकात उभा राहिलो. बऱ्याच वेळाने माझी पाळी आली.

"कोर्टाची नक्कल?" खिडकीतली पोरगी म्हणाली. "इथे जमिनी, लग्नं आणि गाड्यांच्या पाट्या मिळतात. भांडणं वरच्या मजल्यावर. तिथला क्लार्क निराळा."

वळून बघतो तर वर्डी बाकावर आरामात बसलेली.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"होतं. तू इतक्या तोऱ्यात उभा होतास, म्हटलं बघू दे जरा रांगेची मजा."

मुलगा गेल्यापासून तिने केलेली ती पहिली थट्टा. मी मनावर घेतली नाही.

वरच्या मजल्यावर नेल्डा गेव्हडन. कोर्टाचं सगळं दप्तर तिच्या ताब्यात. लहानपणी हिनेही वर्डीच्या हातचं खाल्लेलं. आमच्याकडे आधी कॉम्प्युटरवर स्वतःच शोधायची सोय आहे. कोपऱ्यात एक ठेवलाय, कोणीही बसावं, नाव टाकावं. वर्डीने एका बोटाने 'स्टँपर, टॉलिव्हर' टाकलं. काहीच आलं नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा काही नाही.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो आणि माझं नाव टाकलं. पडदा भरला. खाली आणखी पानं होती.

वर्डी वाचत राहिली. मग म्हणाली, "तुझं सगळं शाबूत आहे बघ."

ती उठून नेल्डाच्या खिडकीशी गेली. "नेल्डा, माझ्या टॉलीच्या खटल्याची फीत हवीय."

नेल्डाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वर्डीमावशी, अशी कुठलीही नोंद नाही."

"अगं, ऑक्टोबरातला सोमवार. तू तिथेच बसली होतीस. हसलीस सुद्धा. मी बघितलं होतं."

"अशी कुठलीही नोंद नाही, मावशी."

"त्याला ओळखत तरी होतीस ना?"

नेल्डाचे डोळे भरून आले, पण ओठ तेवढंच म्हणत राहिले. कायद्याने तिला तेवढंच म्हणता येत होतं. वर्डीनेच अर्ज केला होता, वर्डीनेच सही मिळवली होती, कॉम्प्युटरातून नाव पुसून झालं तेव्हा याच खिडकीत नेल्डाला करंज्यांचा डबा दिला होता. मागे उभे राहिलेले दोघं कुजबुजायला लागले. मी वर्डीचा दंड धरला. तिने माझा हात झिडकारला आणि स्वतःच जिना उतरली.

गाडीत ती एकच वाक्य बोलली. "मी त्याला स्वच्छ करून दिलं, डेल्मर, झाडाखाली पाठवायला."

मी रेडिओ लावला. मग मीच बंद केला.

त्यानंतर आठवडाभर तिच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. मी जेवण नेऊन ठेवायचो, ते तसंच परत यायचं. जून अर्धा संपत आला. आणि मग पंपावर हॉबर्ट रिची बोलला. हा म्हातारा गेली कित्येक वर्षं एकच कॉफी पीत बसलाय. विषय काय, तर कोणाच्या तरी गाडीचं सायलेन्सर. हॉबर्ट म्हणाला, "स्टँपरच्या ट्रकचं असंच होतं. त्या दिवशी कोर्टात ट्रकचा पुकारा झाला तेव्हा मला वाटलं, आता हा धडधडत आतच येतो."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसताच कप खाली ठेवला. पुकारा ट्रकचा झाला होता. पोराच्या नावाने झाला तो वेगळा. आणि पुसायला दिला होता तो फक्त पोराचा खटला.

ओढ्यावरची फळी न शोधता पाण्यातूनच वर्डीच्या घरी गेलो. दार वाजवलं.

"मावशी! त्या वकीलबाईंना तू काय म्हणाली होतीस? ट्रकबद्दल?"

"कोण जाणे." ती तशीच बसलेली.

"आठव ना! तिने विचारलं होतं ट्रकचंही पुसायचं का."

ती माझ्या पँटीतून गळणाऱ्या पाण्याकडे बघत होती. मग हळूहळू मान वर आली. "मी म्हटलं, ट्रकला कुठे नोकरी करायचीय."

"मग?"

ती उठली. "पाय पुसून आत ये," म्हणाली, "नाहीतर नको, बाहेरच थांब. मी कोट घेते."

वर्डी थेट नेल्डाच्या खिडकीत जाऊन उभी राहिली.

"कोणाच्या नावाने शोधू, मावशी?"

"ट्रकच्या," वर्डी म्हणाली. "एक हिरवा फोर्ड ट्रक."

नेल्डाने श्वास सोडला तो मला खिडकीच्या अलीकडे ऐकू आला. बोटं आधीच चालायला लागली होती. "आहे," ती म्हणाली. "आहे, आहे. हा क्रमांक. देवा, किती दिवस लावलेत विचारायला! मला सुचवायची सोय नव्हती हो." तिने नकलेचा अर्ज पुढे सरकवला. खटल्याचा क्रमांक, तारीख, मागणाऱ्याचं नाव, एवढंच. कोणत्याही उघड खटल्याची नक्कल कोणीही मागू शकतो, का मागतोय ते सांगावं लागत नाही. वर्डीने तरीही खाली कोपऱ्यात लिहिलं, 'मी त्याची आई आहे.' कोणाची, ते लिहिलं नाही. ट्रकची म्हणा.

पंपावर जी बातमी पोचली ती इथून. खिडकीत मागे कोणीतरी उभं होतंच.

पण गाडं पुन्हा अडलं. ट्रक आणि पोरगं, दोघांचं काम एकाच बैठकीत, एकाच फितीवर झालेलं. जिल्ह्याहून आलेल्या तरुण सरकारी वकिलाने हरकत घेतली. पुसलेला खटला फितीत ऐकू येत असेल तर फीत बाहेर जाता कामा नये. मग जजसाहेबांपुढे तारीख पडली, जूनच्या शेवटच्या सोमवारी. त्याच्या दोन दिवसांनी फिती पुसल्या जाणार होत्या.

त्या दिवशी वर्डी दुसऱ्या रांगेत बसली नाही. पहिल्यांदाच ती कठड्याच्या पलीकडे उभी होती, डबा नव्हता. जज कॉडिल तेच, आता ऐकू थोडं कमी येणारे.

"वर्डीबाई, तुम्ही चुकून इकडे आलात की मुद्दाम?"

"मुद्दाम, जजसाहेब."

सरकारी वकिलाने आपलं म्हणणं मांडलं. वकील वाईट नव्हता, नियम बोलत होता. "ज्या नोंदी कायद्याने अस्तित्वातच नाहीत, त्या मागच्या दाराने देता येणार नाहीत. आणि नोंद पुसण्याचा अर्ज याच बाईंच्या पुढाकाराने झाला होता."

"खरं आहे का, वर्डीबाई?"

"खरं आहे, साहेब. मीच पुसलं."

जजसाहेब बराच वेळ कागद चाळत होते. चाळण्यासारखं त्यात काही नव्हतं, एकच पान होतं.

"तुम्हाला नक्की कुठला भाग हवाय?"

"त्याचा आवाज आहे तेवढा."

"तेवढा मला देता येत नाही." त्यांनी पान खाली ठेवलं. "ट्रकचा देता येतो. ट्रकच्या पुकाऱ्यापासून ट्रकच्या निकालापर्यंत. बाकीचं कापून. बाकीचं इतर फितींबरोबर जाईल."

"त्यात त्याचं नाव येतं का, साहेब?"

"नाव पोराच्या खटल्यात घेतलं होतं. जन्मतारीख, पत्ता, बापाचं नाव, सगळं तिकडे. ट्रकच्या भागात तो नुसता ट्रकतर्फे बोलणारा माणूस आहे."

"चालेल," वर्डी म्हणाली. "तोच तो."

नेल्डाने कापाकापी स्वतः केली. तेवढा तुकडा सीडीसारख्या तबकडीवर उतरवून एका पाकिटात घालून दिला, पाकिटावर ट्रकचं नाव. बुधवारी उरलेल्या फिती पुसल्या. टॉलीने स्वतःबद्दल जे काही सांगितलं होतं, मी कोण, कुठे राहतो, आई काय करते, ते त्यात गेलं. नेल्डा म्हणाली, तिने बटण दाबलं आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. कायद्याने असं काही घडलंच नव्हतं, त्यामुळे बोलणार तरी काय.

वर्डीकडे तबकडी लावायला यंत्र नव्हतं. माझ्याकडचा जुना छोटा टीव्ही, पोटात तबकडी घेणारा, मी तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. चर्चमधून दोघी बायका चौकशीला आल्या, घरात टीव्ही आणलास म्हणे. वर्डीने दारातच सांगितलं, "टीव्ही नाही, कोर्ट आणलंय. बसायचं असेल तर गप्प बसा." त्या बसल्या नाहीत.

पहिल्या खेपेला मी तिथे होतो. चित्र वरून घेतलेलं, धुरकट. जजसाहेबांचं टक्कल, टेबलावर सँगचं पोतं, आणि समोर उभ्या पोराच्या डोक्यावरचे ते दोन भोवरे. टोपी हातात. बेलिफ ओरडतो, "एक हिरवा फोर्ड ट्रक हाजिर है?" लोक हसतात. नेल्डा हसते, ती दिसते. जजसाहेब विचारतात, "ट्रकतर्फे कोण बोलतंय?"

मागून एक बाई ओरडते, "मी!"

मी विसरलोच होतो. त्या दिवशी दुसऱ्या रांगेतून वर्डी ताडकन उभी राहिली होती, डब्यासकट. कॅमेऱ्यात ती नाही, नुसता आवाज आहे, आणि डबा पडल्याचा आवाज. टॉली मागे वळतो. तेवढ्यापुरता चेहरा वर येतो, लाजलेला, हसू दाबणारा.

"आई, बस ना खाली. मी बोलतो."

मग पुन्हा समोर. "साहेब, ट्रक वडिलांचा आहे. ते येऊ शकले नाहीत, वारलेत."

"मग कागदावर नाव का नाही बदललं?"

"आई बदलू देत नाही, साहेब. म्हणते, ते परत आले तर चालत कुठे फिरतील?"

हशा. ट्रक सरकारजमा. काळा पडदा.

एवढंच. सँगच्या पोत्याकडे बघायलासुद्धा वेळ पुरत नाही. वर्डीने पुन्हा लावलं. मी घरी गेलो.

तेव्हापासून रोज सकाळी चूल पेटली की ती ते लावते. ओढ्यापलीकडून मला खिडकी दिसते, आणि दिसतं तिथे बघायचं ही माझी जुनी खोड. ती बसून कधीच बघत नाही. खुर्ची शेजारीच असते, तिच्यावर मी स्वतः उशी ठेवून दिलीय, गुडघे धरतात म्हणून. ती ओट्यासमोर उभी, एप्रन बांधलेला, हात लोंबते. परवा बर्फ होतं, लाकडं द्यायला गेलो तेव्हा फीत चालूच होती. तिचे पाय सुजलेले. मला राहवलं नाही.

"मावशी, कोर्ट उठलं कधीच. आता तरी खाली बस. पोरगंसुद्धा तेच सांगतंय तुला."

तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"बसले तर तो सांगेल कोणाला?"